मेलेल्या जंतूंची प्लेट

हैदराबाद
९ फेब्रुवारी १९५८

ती. चाँदचाचा यांस,

शरणबसप्पाचा साष्टांग नमस्कार.

तुम्ही सास्तूरला जाऊन बारा दिवस झाले. पोचल्याचं कळलं नाही, म्हणून लिहितो आहे. तुमची घोंगडी, पितळी डबा आणि चष्मा खोलीवरच राहिला होता. सोलापूर बसचा कंडक्टर उमरग्याचा आहे, त्याच्याकडं दिलंय. बुधवारच्या बाजाराला आमचे अप्पा उमरग्याला येतील, त्यांच्याबरोबर ते घरी पोचेल.

तुम्ही निघालात त्या दिवशी मला बसस्टँडवर येता आलं नाही. सरांनी ऐन वेळी काम दिलं.

तुमच्या जागी प्रयोगशाळेत एक नवा माणूस घेतलाय. कत्तलखान्यातून मेंढीचं रक्त आणतो, पण काचेचे मणी घालून बाटली हलवत राहायचं त्याला जमत नाही. दुपारपर्यंत निम्मं रक्त गोठलेलं असतं. परवा सर त्याला म्हणाले, "चाँदपाशा नऊ वर्षं आणत होता, एकदा गोठलं नाही." मी खाली मान घालून नळ्या मोजत राहिलो.

त्या जानेवारीतल्या प्रकाराचं मनाला लावून घेऊ नका. झालं ते झालं. सरांनी मला सगळं पहिल्यापासून करायला सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी मी इथं आलो तेव्हा तुम्हीच मला तुमच्या खोलीत जागा दिलीत, हे मी विसरणार नाही.

ताहेराचाचींना नमस्कार. नसीमबीला आशीर्वाद.

तुमचा,
शरणबसप्पा


७८६

सास्तूर, ता. उमरगा
२३ फेब्रुवारी १९५८

शरणूबेटा,

चाँदपाशाची दुवा. मी बोलतो आन नसीम लिहिते. मला आकडे वळखू येतात, अक्षर न्हाय, तुला ठावं हाय.

सामान पोचलं. तू याद ठेवून पाठवलंस, लई बरं वाटलं. माझ्यापायी तुझी एवढी मेहनत पाण्यात गेली आन तूच मला समजावतोस. वाचून घेताना मला रडू आलं बेटा.

मी रोज तोच दिस आठवतो. जुम्म्याचा दिस. म्या जंतूंच्या नळ्या गरम पाण्याच्या टाकीत ठेवल्या, घड्याळ लावलं, पारा साठवर हाय का बघितलं आन नमाजला गेलो. तीस मिनटं ठेवायच्या व्हत्या. म्या आलो तवा नळ्या टाकीच्या बाहेर, स्टँडात व्हत्या. आता घोर लागलाय, म्या जाताना "शरणू, जरा नजर ठेव" असं तुला म्हणलो व्हतो का न्हाय? मला वाटतं म्हणलो. पण तू साहेबाला सांगितलंस की तू त्या टायमाला लायब्ररीत व्हतास. म्हंजे म्हणलो नसनार. नळ्या म्याच घाईत आदी काढल्या असतील आन इसरलो असेन. उमर झाली.

साहेबावर माझा राग न्हाय. मेले म्हणून ठेवलेले जंतू जित्ते निघाले. फेफड्याचा आजार तो. तुमी पोरं काचेची नळी तोंडानं वढता. कुणाच्या तोंडात गेले असते तर? साहेबानं काढलं ते बरूबर काढलं.

मला माफ कर बेटा.

तुझा,
चाँदचाचा

ता. क. – शरणूदादा, हे माझं, नसीमचं. अब्बाला कळू न देता लिहिते. अब्बा इथं आल्यापासून शुक्रवारी मशिदीत जात नाहीत. घरीच पढतात. अम्मीनं विचारलं तर म्हणाले, "नमाजला गेलो आन एका पोराचं वाटोळं केलं. आता सगळ्यांच्यात कुठल्या तोंडानं उभा राहू?" तुम्ही दोन शब्द लिहिले तर ऐकतील. आणखी एक. अब्बानं नऊ वर्षं तिथं नळ्या धुतल्या, पण त्या कशासाठी, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते काम काय होतं, ते सोप्या भाषेत लिहाल का? मी सातवीपर्यंत शिकले आहे, मला कळेल.


हैदराबाद
३० मार्च १९५८

चि. नसीमबीस,

तुझं पत्र येऊन महिना झाला. कामात होतो. चाचांना सांग, नमाज आणि प्रयोग यांचा काही संबंध नाही. त्यांनी मशिदीत जायला पाहिजे.

तू काम काय ते विचारलंस. सांगतो.

न्यूमोनियाचा जंतू दोन तऱ्हेचा असतो. एकाच्या अंगावर साखरेसारख्या पदार्थाचं कवच असतं. प्लेटमध्ये वाढवला की त्याचे चकचकीत, गुळगुळीत ठिपके उठतात. हा उंदराला टोचला तर उंदीर मरतो. दुसऱ्याला कवच नाही. त्याचे ठिपके खडबडीत दिसतात आणि तो उंदराचं काही वाकडं करत नाही.

तीस वर्षांपूर्वी विलायतेत ग्रिफिथ नावाच्या डॉक्टरानं कवचवाले जंतू तापवून मारले. ते उंदराला टोचले, काही झालं नाही. मग ते मेलेले कवचवाले आणि जिवंत खडबडीत असे एकत्र टोचले. दोन्ही एकेकटे निरुपद्रवी. पण उंदीर मेला, आणि त्याच्या रक्तात सापडले ते जिवंत, कवचवाले! ते वाढवले, त्यांची पोरं वाढवली, पोरांची पोरं वाढवली. सगळी कवचवाली. म्हणजे मेलेल्यातलं काहीतरी जिवंत जंतूच्या आत गेलं आणि त्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्या बदलल्या.

ते काहीतरी म्हणजे काय? बहुतेक विद्वानांना वाटायचं, ते प्रथिन असणार. डाळीत, अंड्यात असतं ते. मग १९४४ साली अमेरिकेत एव्हरी आणि त्यांच्या दोन सोबत्यांनी मेलेल्या जंतूंचा रस काढला. त्यातलं कवच नष्ट केलं, प्रथिन नष्ट केलं, तरी रसाचा गुण गेला नाही. शेवटी डीएनए नावाचं एक आम्ल तेवढं नष्ट केलं, आणि गुण गेला. पुढं आणखी काही जणांनी जंतूंना खाणाऱ्या विषाणूंवर प्रयोग केले, तेव्हाही तेच दिसलं. बापाकडून लेकराकडं जे उतरतं, ते या डीएनएत असतं.

हे सगळं आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या हातानं करून बघायचं, असं सरांच्या मनात होतं. त्यातली पहिली पायरी माझ्याकडं होती. मेलेले कवचवाले आणि जिवंत खडबडीत नळीत मिसळायचे आणि कवचवाले उठतात का बघायचं. आठ वेळा केलं, आठही वेळा काही निघालं नाही. नवव्या वेळेला निघालं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

शरणबसप्पा


७८६

सास्तूर
२० एप्रिल १९५८

ती. शरणूदादांस सलाम.

उद्या किंवा परवा ईद. तुमचं पत्र मी अब्बाला तीन वेळा वाचून दाखवलं. ते मध्येच थांबवायचे आणि म्हणायचे, "म्या आणलेल्या रगतावर ह्येच वाढवायचे व्हय!" तुम्ही लिहिलेलं त्यांनी अम्मीला पुन्हा सांगितलं, शेजारच्या मदिनाखालालाही सांगितलं. जानेवारीपासून त्यांना एवढं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

पण मला एक शंका आली. रागावू नका. तुम्ही लिहिता, मेलेले जंतू घेतले. पण ते मेले हे कशावरून? त्यातला एखादा जिवंत राहिला तर तोच वाढेल आणि आपल्याला वाटेल, खडबडीत बदलला. मग नुसते मेलेलेच एका प्लेटमध्ये घालून, त्यातून काही उगवत नाही ना, हे आधी बघायला नको का?

मी हे बोलले तर अब्बा हसले. म्हणाले, "आगं, ठिवत्यात की. शून्याची प्लेट म्हणत्यात तिला. झाकनावर म्याच शून्य काढून द्यायचो."

मी विचारलं, "मग त्या वेळी शून्याच्या प्लेटवर काय निघालं?"

अब्बा बोटांवर काहीतरी मोजायला लागले. मग म्हणाले, "ते मला कुणी सांगितलं न्हाय. पण एक गोष्ट याद हाय. त्या जुम्म्याला म्या चौदा प्लेटा दिल्या व्हत्या. सोमवारी धुवायला तेराच आल्या. शून्याची आलीच न्हाय. म्या समजलो, फुटली असेल."

दादा, तुम्हाला ती प्लेट आठवते का? तिच्यावर काय होतं ते कळलं तर अब्बाच्या मनाचा घोर जाईल. ती कोरी असेल तर जंतू मेलेलेच होते आणि चूक दुसरीकडं झाली. म्हणून विचारते.

परवाचा शुक्रवार रमजानचा शेवटचा. त्या दिवशी सगळं गाव मशिदीत होतं. अब्बा गेले नाहीत.

लिहू नये ते लिहिते. तुमचे अप्पा आता आमच्या ओट्यावर येत नाहीत. पूर्वी रोज यायचे, पान खायचे, अब्बाचे हैदराबादचे किस्से ऐकायचे. आता रस्त्यात भेटले तरी मान फिरवतात. देवळापाशी म्हणाले म्हणे, चाँदपाशानं माझ्या पोराचं नशीब बुडवलं. तुम्ही अप्पांना तसं कळवलं का?

नसीमबी


(पोस्टकार्ड)

सास्तूर
११ मे १९५८

ती. शरणूदादांस सलाम. मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. अब्बा म्हणतात, परीक्षा असेल, त्रास देऊ नकोस. ईदच्या नमाजला अम्मीनं हात धरून पाठवलं, तर सगळ्यात मागं उभे राहिले आणि कुणाची गळाभेट न घेता परत आले. मी विचारलं होतं ते तेवढं कळवा. – नसीमबी


हैदराबाद
१९ मे १९५८

नसीमबी,

मला दादा म्हणू नकोस.

तुझं पत्र महिनाभर उशाखाली आहे. सात वेळा उत्तर लिहायला बसलो. सहा वेळा खोटं लिहून फाडलं. हे सातवं.

चाचा जाताना मला म्हणाले होते. अगदी हेच शब्द, "शरणू, जरा नजर ठेव." मी "हो चाचा" म्हणालो होतो. मी लायब्ररीत नव्हतो. मी टाकीपाशी स्टुलावर बसलो होतो.

आठ वेळा प्रयोग फसला होता. मला वाटायला लागलं, आपण जंतू फार वेळ तापवतो, त्यातच ते बदलवणारं द्रव्य बिघडतं. सरांना विचारायला पाहिजे होतं. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तीस मिनिटंच ठेव आणि दुसरं काही तपास. म्हणून विचारलं नाही. अठराव्या मिनिटाला मी नळ्या बाहेर काढल्या आणि तिथून निघून गेलो.

चाचा आले, त्यांनी नळ्या स्टँडात बघितल्या. त्यांना वाटलं, वेळ भरली. नंतर मी भेटलो तेव्हाही त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं त्यांना.

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेलो. मिसळलेल्या नळीच्या प्लेटवर चकचकीत ठिपके होते. मला नाचावंसं वाटलं. मग शून्याची प्लेट उघडली. तिच्यावर तीन ठिपके होते. तीनच. तसेच चकचकीत.

मला त्याच क्षणी कळलं होतं, नसीमबी. तुला सातवीच्या शिक्षणावर जे कळलं ते मला एमएस्सी होऊन कळत नव्हतं असं नाही. मी ती प्लेट उकळत्या पाण्यात टाकली, मागच्या नळापाशी नेऊन फोडली, काचा कागदात बांधून फेकल्या आणि वहीत लिहिलं, "शून्य : वाढ नाही."

सरांनी सगळ्यांना चहा पाजला. पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतः, माझ्या माघारी, उरलेल्या नळीतले मेलेले जंतू पुन्हा वाढवून बघितले. प्लेट भरून उगवली. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. "टाकीपाशी कोण होतं?" चाचा म्हणाले, "साहेब, म्या नमाजला गेलतो. चूक माझी." सरांनी माझ्याकडं बघितलं. "आणि तू?" मी म्हणालो, "मी लायब्ररीत होतो सर."

चाचांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांना ते खरंच वाटलं.

मी बसस्टँडवर आलो नाही, कारण सरांनी काम दिलं नव्हतं. मी खोलीत दार लावून बसलो होतो. चष्मा आणि घोंगडी समोर होती. आणि अप्पांना मीच लिहिलं होतं, चाचांच्या चुकीमुळं माझी दोन वर्षं गेली म्हणून.

हे चाचांना वाचून दाखव. मला पुढं काही लिहिता येत नाही.

शरणबसप्पा


सास्तूर
२७ मे १९५८

शरणबसप्पा यांस,

तुमचं पत्र आलं तेव्हा अब्बा दारातच बसले होते. "काय लिवलंय शरणूनं? बरा हाय नव्हं?" असं विचारलं. मी म्हणाले, "बरे आहेत. अभ्यास चालू आहे." आजपर्यंत मी अब्बाशी कधी खोटं बोलले नव्हते. तुमच्यापायी बोलले.

पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही. का दाखवू? माझ्या तोंडून तुमची चूक बाहेर पडणार, अब्बा माझ्यासमोर रडणार, आणि तुम्ही तिकडं हैदराबादेत हलके होणार. ते नको.

तुम्ही इथं या. अब्बासमोर बसा आणि सांगा. अप्पांनाही सांगा. मग परत जाऊन साहेबांना सांगा. तुम्हाला लाज वाटते हे मला पत्रातून कळलं. पण तुम्ही एकट्यानं खोलीत लाजायचं आणि माझ्या बापानं सगळ्या गावात, हे किती दिवस चालायचं?

मी पंधरा दिवस वाट बघेन. आला नाहीत तर हे पत्र घेऊन मी स्वतः तुमच्या साहेबांकडं जाईन. सोलापूर-हैदराबाद गाडी उमरग्याला थांबते, एवढं मला माहीत आहे.

नसीमबी चाँदपाशा


हैदराबाद
२४ जून १९५८

ती. चाँदचाचा यांस,

हे पत्र नसीमबी वाचून दाखवेल. ती सोडून दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

त्या दिवशी मी तुमच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. अप्पा शेजारी उभे होते. शेवटी एकच विचारलंत, "किती मिनटं?" मी म्हणालो, अठरा. तुम्ही चपला घातल्या आणि शेताकडं निघून गेलात. ताहेराचाचींनी चहा आणून ठेवला होता. तो तसाच निवला. संध्याकाळपर्यंत बसलो. तुम्ही आला नाहीत. रात्रीच्या गाडीनं निघालो.

अप्पा मला गाडीपर्यंत सोडायला आले नाहीत.

इथं आल्यावर सरांकडं गेलो. ते स्वभावानं शांत माणूस, तुम्हाला माहीत आहे. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "टाकीपाशी तू होतास?"

"होतो सर."

"शून्याच्या प्लेटवर काय होतं?"

"तीन ठिपके. मी प्लेट फोडली."

ते बराच वेळ माझी वही चाळत होते. मग म्हणाले, "प्रयोग फसतो. माझे कितीतरी फसलेत. अठरा मिनिटांचंही मी काही म्हणालो नसतो. पण तू इथं लिहिलंयस, वाढ नाही. आता या वहीतलं कुठलं पान मी खरं मानू?"

त्यांनी वही कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं. मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." मी पायरी उतरत होतो तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. मला वाटलं, काही बोलतील. त्यांनी तुमचा पत्ता विचारला. तुम्हाला ते स्वतः लिहिणार आहेत. त्यांचीही मान खाली गेली होती, चाचा. म्हणाले, "मी त्या माणसाला एक प्रश्न जास्त विचारला असता तर."

माफ करा असं लिहायची माझी लायकी नाही. तरी लिहितो. मला माफ करा.

शरणबसप्पा


७८६

सास्तूर
१३ जुलै १९५८

शरणबसप्पा यांस,

तुमचं पत्र वाचून दाखवलं. साहेबांचंही आलं. त्यांनी अब्बाला परत बोलावलं आहे आणि इंग्रजीत नाही, उर्दूत, आपल्या हातानं लिहिलं आहे की चूक झाली. मशिदीच्या इमामसाहेबांनी ते वाचून दाखवलं. त्यामुळं आपोआप सगळ्या गावाला कळलं.

तुम्ही गेल्यावर दुसऱ्या दिवशी अप्पा आमच्या दारात आले. ओट्यावर चढले नाहीत. खाली उभे राहून म्हणाले, "चाँद, म्या देवळापाशी जे बोललो ते चार माणसांत बोललो. आता आठ माणसांत उलटं सांगून आलो." अब्बा म्हणाले, "शिवलिंगप्पा, वर ये, ऊन लागंल." अप्पा वर आले आणि दोघं बसले. पण बोलणं काही झालं नाही. अप्पा फार खचले आहेत. तुम्ही त्यांना लिहीत जा, ते उत्तर देवोत न देवोत.

अब्बा शुक्रवारी मशिदीत गेले. परत आले आणि नेहमीसारखे जेवले. मी मुद्दाम काही विचारलं नाही.

अब्बानं तुम्हाला माफ केलं का, ते मला माहीत नाही. एकदा विचारलं, तर म्हणाले, "बकरीला पानी दावलंस का?" पुन्हा विचारलं नाही. पण काल सामान बांधताना आपणहून बोलले, "लेकराला इतकं भ्या वाटलं, आन एका खोलीत राहून मला कळलं न्हाय." ते रागानं म्हणाले की कशानं, ते मला सांगता येणार नाही.

परवा ते हैदराबादला निघत आहेत. मला पलीकडच्या गावात मुलींच्या शाळेत शिकवायची जागा मिळते आहे.

मी तुम्हाला कडक लिहिलं त्याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही पंधरा दिवसांची मुदत संपायच्या आत आलात, हेही मी विसरलेली नाही.

नसीमबी


हैदराबाद
८ मार्च १९५९

शरणूबेटा,

चाँदपाशाची दुवा. हे पत्र आपल्या हापिसातले कारकून गुंडाप्पा लिहितात. इथं मराठी येणारं त्यांच्याबिगर कुणी न्हाय.

तुझी पाच पत्रं आली. उमरग्याच्या शाळेत मास्तर झालास, चांगलं झालं. पण बेटा, पाचीबी पत्रांत तू नुसती माफीच मागतोस. पत्र आलं की मला गुंडाप्पाकडं न्यावं लागतं. ते वाचायला लागले की मला खाली बघावं लागतं. तुझी लाज मला परक्या माणसासमोर ऐकावी लागते. आता बस कर. म्या त्या दिशी शेतात गेलो ते तुला मारायला हात उठंल म्हणून गेलो. आता हात उठत न्हाय. यापेक्षा जास्ती मला बोलता येत न्हाय. दुसरं काय तरी लिहीत जा. शाळंचं लिही.

आता इकडची खबर ऐक. तुझ्या जागी एक मद्राशी पोरगी आली. लई शांत. तिनं सहा महिने लावले. टाकीपाशी आमी दोघं बसायचो, ती घड्याळाकडं बघायची, म्या पाऱ्याकडं. तीस मिनटं म्हंजे तीस. गेल्या महिन्यात कवचवाले निघाले. साहेबानं चहा पाजला न्हाय. आदी शून्याची प्लेट मागितली. कोरी व्हती. तरी तीन दिस उबेत ठिवली. कोरीच. मग साहेबानं मला बोलावलं आन म्हणाले, "चाँदपाशा, तुम्ही बघा." म्या चष्मा लावून बघितली. काय बी नव्हतं तिच्यात. फकस्त रगताचा रंग.

मग पुढचं केलं, तू लिवलं व्हतंस ते. मेलेल्यांचा रस काढला. प्रथिन खाणारं औषध घातलं, तरी कवचवाले निघाले. डीएनए खाणारं घातलं, तर एक बी न्हाय. त्या विलायतवाल्यांचं अन् अमेरिकावाल्यांचं खरं हाय बेटा. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं.

तुला कळवावं वाटलं. तुझी आठ येळंची मेहनत म्या बघितलेली हाय.

तुझा,
चाँदचाचा

(लिहिणार गुंडाप्पा. माझाही नमस्कार.)


उमरगा
२२ मार्च १९५९

ती. चाँदचाचा यांस,

साष्टांग नमस्कार. गुंडाप्पांनाही नमस्कार.

तुम्ही शाळेचं लिही म्हणालात, म्हणून शाळेचं लिहितो.

तुमचं पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मद्रासी मुलीचा हेवा वाटला, आणि आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

काल शनिवारी अर्धी शाळा होती. दहावीच्या वर्गाला शेवटचा तास माझा. अभ्यासक्रम संपलाय. मुलं म्हणाली, काहीतरी सांगा गुर्जी. मी फळ्यावर दोन जंतू काढले, एक कवचाचा, एक बिनकवचाचा, आणि ग्रिफिथपासून सांगायला लागलो. आमचे हेडमास्तर कोंडीरामसर कधी कधी वर्गात मागच्या बाकावर येऊन बसतात. कालही येऊन बसले. मी डीएनएपर्यंत आलो. मग शून्याची प्लेट काय ते सांगितलं, आणि हैदराबादला गेल्या वर्षी एकानं काय केलं तेही सांगितलं. अठरा मिनिटं, तीन ठिपके, वहीतली ओळ, आणि त्यापायी दुसऱ्याच माणसाला कामावरून काढलं ते. सगळं.

कोंडीरामसर मान हलवत होते, त्यांना ती गोष्ट आवडली होती. तेव्हा पुढच्या बाकावरची धुरपदा म्हणून एक मुलगी आहे, ती उभी राहिली.

"गुर्जी, ज्याला काढलं त्यांचं नाव काय?"

मी तुमचं नाव सांगितलं. सास्तूरचे चाँदपाशा. दोघा-तिघा मुलांना तुम्ही माहीत निघालात.

"आन ज्यानं प्लेट फोडली त्याचं?"

इथं मला शाळेत घेताना विचारलं होतं, हैदराबाद का सोडलं. मी सांगितलं होतं, घरची अडचण. हे कोंडीरामसरांना माहीत आहे, तेच होते त्या मुलाखतीला.

मी म्हणालो, "शरणबसप्पा. मीच."

कुणी हसलं नाही. धुरपदा खाली बसली. घंटा झाली तरी मुलं थोडा वेळ उठली नाहीत. कोंडीरामसर उठले आणि माझ्याकडं न बघता बाहेर गेले. आज रविवार असून त्यांनी शिपायाला घरी पाठवून मला ऑफिसात बोलावलंय.

हे पत्र वाटेत पेटीत टाकतो आणि तिकडंच जातो.

तुमचा,
शरणू